पाटकरी नसलेली पाळी: कोरड्या रानातली हरणे एकच पाणवठा कसा वाटून घेतात

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या बाजूने सागरेश्वर अभयारण्याच्या डोंगराकडे पाहिले की दोन ऋतू एकाच वेळी दिसतात. वर करडी, पानगळ झालेली झाडी आणि वाळून कुसळे झालेले गवत. खाली हिरवा ऊस, मका आणि दुभत्या जनावरांसाठी केलेला घास. वर सांबर, चितळ, काळवीट. खाली शेतकरी आणि नदीतून उचलून कालव्यांनी फिरवलेले कृष्णेचे पाणी. दर उन्हाळ्यात भोवतालच्या गावांतून एकच प्रश्न येतो: "आत टाक्या भरताय म्हणता, मग ही हरणं आमच्या घासात कशाला उतरत्यात?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 'आत पाणी कमी पडते' एवढ्याने त्याचे उत्तर पुरे होत नाही. खरे उत्तर समजायचे तर हरणाच्या पोटात पाणी कुठून कुठून येते आणि तीन-चार जातींची हरणे एका पाणवठ्यावर कशी भागवतात, हे पाहावे लागते. ते एकदा कळले की पाणवठा कुठे करावा, कसा करावा आणि कुठे अजिबात करू नये, याचा विचारच बदलतो.

आधी जागा समजून घेऊ. सागरेश्वर अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचे. हे आपोआप टिकलेले जंगल नव्हे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने झाडे लावून, चराई थांबवून, राखण करून हे रान उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पायथ्याचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव, म्हणून अभयारण्यालाही त्यांचेच नाव आहे. इथले बहुतेक मोठे प्राणी बाहेरून आणून सोडलेले आहेत. भोवती कुंपण आहे. आणि बारमाही पाण्याचा नैसर्गिक झरा मात्र एकही नाही. माणसांनी मनावर घेतले तर बोडका डोंगरही रान होतो, हे सांगली जिल्ह्याने करून दाखवले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण लावलेल्या रानाची जबाबदारीही कायमची असते, आणि त्या जबाबदारीतला सगळ्यात अवघड भाग पाण्याचा.

डोंगरात पाणी का टिकत नाही, याचे कारण आपल्या कातळात आहे. साताऱ्या-सांगलीचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थिजलेले थर. काही थर घट्ट, काही सच्छिद्र, काही भेगाळलेले. पावसाचे पाणी भेगांतून आणि मुरमातून खाली झिरपते, घट्ट थरावर आले की अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरचा मुरमाचा थर जितका जाड आणि पाऊस जितका जास्त, तितका झरा लांबतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास असतो. सह्याद्रीची भिंत ओलांडून पूर्वेला आले की ढग रिकामे झालेले असतात. या पर्जन्यछायेतल्या सुट्या डोंगरांवर माती पातळ आणि उतार तीव्र. दिवाळीत खळखळणारा ओढा शिमग्यापर्यंत कोरडा पडतो. तिथून मृगाच्या पावसापर्यंतचे तीन-साडेतीन महिने हाच हरणांच्या कसोटीचा काळ.

पोटातले पाणी

हरणाच्या शरीरात पाणी तीन वाटांनी येते. तोंडाने प्यालेले, चाऱ्यात असलेले, आणि खाल्लेले अन्न शरीरात जळताना तयार होणारे. तिसरी वाट लहान, पण कोरड्या मुलखातल्या प्राण्यांना तिचाही आधार होतो. पाणी जाण्याच्या वाटाही ठरलेल्या: मूत्र, विष्ठा, श्वास, कातडी, आणि माद्यांच्या बाबतीत दूध.

गाईचे शेण आणि हरणाच्या लेंड्या शेजारी ठेवून पाहा. शेण ओले आणि पसरट. लेंडी घट्ट आणि सुटी. हरणाचे मोठे आतडे विष्ठेतले पाणी परत शोषून घेते, म्हणून ती तशी होते. उन्हाळ्यातल्या लेंड्या पावसाळ्यातल्या लेंड्यांपेक्षाही कोरड्या असतात. रानात पाण्याची स्थिती कशी आहे हे अनुभवी वनमजूर लेंडी हातात घेऊन सांगतो, ते यामुळेच.

आता खरा हिशेब पाहू. पशुपालनात एक ठोकताळा आहे: जनावर जितके किलो सुका चारा खाते, त्याच्या दर किलोमागे त्याला साधारण ३ ते ४ लिटर पाणी लागते, कडक उन्हात त्याहूनही जास्त. 'सुका' म्हणजे चाऱ्यातले सगळे पाणी वजा केल्यावर उरलेले वजन. हरणे गाईपेक्षा काटकसरी, म्हणून आपण खालचा आकडा धरू, ३ लिटर. ५० किलोची एक चितळ मादी दिवसाला सुक्या वजनात साधारण १ किलो चारा खाते असे समजू. म्हणजे तिला दिवसाला निदान ३ लिटर पाणी हवे.

ती जर मे महिन्यातले वाळके गवत खात असेल, तर त्यात ओलावा असतो जेमतेम १० टक्के. १ किलो सुक्या चाऱ्यासोबत पोटात येणारे पाणी १०० मिलिलिटरच्या आसपास. उरलेले जवळजवळ सगळे ३ लिटर तिला तोंडाने प्यावे लागते. तीच मादी ६० टक्के ओलावा असलेला झाडपाला खात असेल, तर १ किलो सुक्या वजनासोबत दीड लिटर पाणी आपोआप येते. प्यायची गरज निम्म्यावर येते. आणि ती कुंपणाबाहेर जाऊन ८० टक्के पाणी असलेला हिरवा घास खात असेल, तर ५ किलो घासात १ किलो सुका चारा आणि ४ लिटर पाणी. तिला त्या दिवशी पाणवठ्यावर जायची गरजच उरत नाही.

गावकऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. आतल्या टाकीत पाणी आहे, पण त्या टाकीभोवती कोरडा चारा आहे. बाहेर एकाच घासात जेवण आणि पाणी दोन्ही. टाक्या कितीही भरल्या तरी आत हिरवा चारा नसेल, तर हरीण उडी मारणारच. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे आणि हरणाची ओढही खरी आहे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. उन्हाळ्यात हिरवी राहणारी झाडे म्हणजे रानातला पाण्याचाच साठा. करंज, कडुनिंब आणि पिंपळाला भर चैत्रात नवी पालवी फुटते. पाऊस नसताना ही पालवी येते, कारण मुळे कातळाच्या भेगांत खोल उतरलेली असतात आणि वरच्या मातीत नसलेले पाणी तिथे असते. पळसाची आणि पांगाऱ्याची गळालेली मांसल फुले, उंबराची पिकलेली फळे, बोराचा पाला, बाभळीच्या कोवळ्या शेंगा, हे सगळे खाणे म्हणजे थोडे थोडे पिणे. उंबराचे एक मोठे झाड फळावर असताना त्याच्याखालची जमीन पाहावी: खुरांच्या ठशांनी ती मळल्यासारखी झालेली असते.

कोणाला किती, आणि का

आपण सगळ्यांना सरसकट हरीण म्हणतो, पण त्यात दोन कुळे आहेत. सांबर, चितळ आणि भेकर हे खरे मृग. यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. यांची शिंगे आतून हाडाची, वरून नखासारख्या पदार्थाच्या आवरणाची आणि आयुष्यभराची. मृगांचा ओढा साधारणपणे झाडीकडे, या दोन कुरंगांचा उघड्या माळाकडे.

सांबर हे आपल्याकडचे सगळ्यात मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्याही पुढे जातो. ते गवतही खाते आणि पालाही, पण उन्हाळ्यात पाला, साल, शेंगा, फळे यांवर भर देते. शरीर मोठे म्हणजे पोटही मोठे, आणि मोठ्या पोटात जाडाभरडा चारा जास्त वेळ आंबत राहू शकतो. म्हणून सांबराला निकृष्ट पालाही चालतो. मात्र मोठ्या देहाला एकूण पाणीही जास्त लागते, आणि सांबराला पाण्याची हौसही मोठी. ते पाण्यात उतरते, चिखलात लोळते, अंगाला चिखलाचा लेप घेते. त्याने अंग निवते आणि गोचिड्या, माश्यांचा त्रास कमी होतो.

चितळ मुख्यतः गवत खाणारे, कळपाने राहणारे. गवत वाळले की वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे त्याची तहान वाढते. म्हणून उन्हाळ्यात चितळांचे कळप पाण्यापासून फार लांब जात नाहीत आणि रोज पाण्यावर येतात. पाडसाला पाजणाऱ्या मादीला दुधासाठी जास्तीचे पाणी लागते, आणि चितळांची पाडसे वर्षातल्या बहुतेक महिन्यांत दिसत असल्याने ऐन उन्हाळ्यातही कळपात अशा माद्या असतातच.

भेकर जेमतेम २० ते २५ किलोचे. सांगली-साताऱ्यात ते जास्त करून पश्चिमेच्या दाट, ओलसर रानांत आढळते. लहान प्राण्याच्या शरीराला दर किलो वजनामागे जास्त ऊर्जा लागते, पण पोट मात्र लहान असते. भरड चारा रवंथ करत बसणे त्याला परवडत नाही. म्हणून भेकर वेचून खाते: कोवळे अंकुर, गळालेली फळे, कळ्या. असे वेचीव अन्न रसाळही असते, त्यामुळे त्याला पाण्याचा एक हिस्सा जेवणातूनच मिळतो. एकट्याने, झुडपांच्या आडोशाने येऊन ते पटकन पिऊन जाते.

काळवीट उघड्या जमिनीवरचे. त्याला पळायला मोकळी जागा आणि लांबवर पाहायला मोकळी नजर हवी. गवताबरोबर शेंगा खाते, पण उन्हाळ्यात त्यालाही पाणी लागतेच. पाणी दाट झुडपांच्या खळग्यात असेल, तर तहान असूनही ते तिथे जायला बिचकते. चिंकाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. माण-खटावच्या बरड माळांवर दिसणारा हा नाजूक प्राणी पाला, शेंगा आणि पहाटेच्या दवातल्या ओलाव्यावर दीर्घकाळ काढू शकतो. पाणी मिळाले तर पितो, नाही मिळाले म्हणून माळ सोडत नाही.

पाळी कशी लागते

आता एका पाणवठ्याचा उन्हाळ्यातला दिवस डोळ्यांसमोर आणू. आपल्या भागात पाटाचे पाणी पाळीने मिळते. कोणाचे दारे किती वाजता उघडायचे हे पाटकरी ठरवतो. रानातल्या पाणवठ्यावरही अशीच पाळी असते, फक्त तिथे पाटकरी नाही. प्रत्येक जातीची खाण्याची वेळ, शरीराची गरज आणि भीती मिळून ती पाळी ठरते.

पहाटे आणि सकाळच्या पहिल्या प्रहरात चितळ येतात. उन्हे चढल्यावर, जागा मोकळी असेल तर काळविटे. भर दुपारी मोठे प्राणी सावलीत रवंथ करत बसलेले असतात आणि पाणवठा पक्ष्यांचा असतो. उन्हे कलली की चितळांची दुसरी फेरी. झाडीच्या रानात असेल तर भेकर तिन्हीसांजेच्या आसपास. अंधार पडला की रानडुकरे आणि सांबरे, आणि त्यांचे येणे-जाणे पहाटेपर्यंत चालू राहते. हे वेळापत्रक घड्याळाइतके काटेकोर नसते. चांदणे, वारा, बिबट्याचा वास, आदल्या दिवशीचा माणसांचा वावर, यांनी ते मागेपुढे होते. पण त्याचा साचा कायम राहतो.

या साच्यामुळे भांडणे फारशी होत नाहीत. पाणवठ्यावर सांबराने चितळाला हाकलल्याचे प्रसंग असतात, नाही असे नाही. मोठा प्राणी आला की लहान मागे सरतो, एवढ्यावर ते मिटते. शिंगे भिडवणे महागाचे असते: त्यात जखम होते, ऊर्जा जाते, आणि मुख्य म्हणजे लक्ष विचलित होते. पाणी पिताना प्राण्याची मान खाली असते, पुढचे पाय फाकलेले असतात, पाण्याच्या आवाजाने कान निकामी होतात. बिबट्याला आणि रानकुत्र्यांना हे ठाऊक असते. पाणवठा ही रानातली सगळ्यात गरजेची आणि सगळ्यात धोक्याची जागा, म्हणून तिथे कोणीच रेंगाळत नाही.

चितळांचा कळप पाण्यावर येताना नीट पाहिला तर हे लगेच कळते. कळप सरळ पाण्यात उतरत नाही. झाडीच्या कडेला थांबतो. बहुधा एखादी जाणती मादी पुढे होते, कान फिरवते, पाय आपटते, दोन पावले टाकते, पुन्हा थांबते. मग बाकीचे. सगळे एकदम मान खाली घालत नाहीत. काहींच्या माना कायम वर असतात. कळप मोठा तितके डोळे जास्त, आणि प्रत्येकाला निवांत पिता येण्याचा वेळही जास्त. चितळाची तीक्ष्ण शिट्टी, सांबराचा घुमणारा 'पोंक' आणि भेकराचे कुत्र्यासारखे भुंकणे हे तीन इशारे तिन्ही जाती ओळखतात. एकाने इशारा दिला की दुसऱ्याचीही मान वर होते. पाण्यावरून ज्यांच्यात स्पर्धा आहे असे वाटते, तेच प्राणी धोक्याच्या वेळी एकमेकांचे कान होतात.

वेळेखेरीज जागेचीही वाटणी असते. एकाच तळ्याच्या उघड्या काठावर काळवीट, झाडीला लागून असलेल्या काठावर चितळ, जिथे चिखल आहे तिथे सांबर आणि डुक्कर. चितळ चिखलात लोळत नाही. नैसर्गिक डोहाला असे वेगवेगळे काठ असतात. चौकोनी सिमेंट टाकीला नसतात, आणि तिथून अडचण सुरू होते.

टाकी म्हणजे पाणवठा नव्हे

नैसर्गिक डोह आटत जातो तेव्हा प्राणी हळूहळू पांगतात, दुसरीकडे जातात, आणि डोहाभोवतालच्या चाऱ्याला उसंत मिळते. आपण टँकरने टाकी भरतो तेव्हा ही उसंत नाहीशी होते. बारमाही पाण्याभोवती जमिनीवर वर्तुळे उमटतात. सगळ्यात आत, अगदी पाण्याजवळ, खुरांनी तुडवून उघडी पडलेली माती. तिच्याबाहेर ओरबाडलेले गवत आणि न खाल्ली जाणारी काटेरी वा विषारी झुडपे. त्याच्याही बाहेर हळूहळू बरी होत जाणारी वनस्पती. पाण्यापासून जितके लांब, तितका चराईचा ताण कमी. मोठ्या रानात दोन पाणवठ्यांमध्ये अशी एक जागा राहते, जिथपर्यंत चितळ सहसा पोचत नाही, आणि तिथले गवत वाचते.

सागरेश्वरला हे गणित लावून पाहा. १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्र पूर्ण गोल आहे असे मानले, तर त्याची त्रिज्या १.९ किलोमीटरही भरत नाही. म्हणजे मधोमध एकच टाकी ठेवली तरी कोणताही प्राणी पाण्यापासून दोन किलोमीटरांच्या आतच राहील. चितळाला हे अंतर काहीच नाही. प्रत्यक्षात रान लांबट आहे, उतार आहेत, टाक्याही अनेक आहेत. पण निष्कर्ष तोच: इतक्या लहान, कुंपणबंद रानात पाण्यापासून लांब असा भागच शिल्लक राहत नाही. सगळे रान पाण्याभोवतालच्या वर्तुळातच मोडते. तिथे टाक्या वाढवत गेल्याने तहान भागते, पण गवताला विसावा मिळत नाही, आणि गवत संपले की वरच्या हिशेबातली मादी पुन्हा कुंपणाकडे वळते. उरलेले अर्धे उत्तर हे.

पाणवठ्यांनी नुकसानही होते, हे दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाने मोठी किंमत मोजून शिकले. तिथे विसाव्या शतकात शेकडो बोअर मारून जागोजागी पाणी उपलब्ध केले. उत्तरेच्या कोरड्या भागात रोन नावाचा दुर्मिळ कुरंग उंच गवतात राहत होता. पाणी कमी असल्यामुळे तिथे झेब्र्यांसारख्या तहानलेल्या चरणाऱ्यांची गर्दी नव्हती. पाणी आले, झेब्रे आले, त्यांच्यामागे सिंह आले. उंच गवत खाल्ले गेले, पाडसांना लपायला जागा राहिली नाही, आणि रोनची संख्या कोसळली. पुढे उद्यानाने अनेक कृत्रिम पाणवठे बंद केले. म्हणजे पाणी सगळ्यांना सारखे उपयोगी पडत नाही. पाण्यावर जास्त अवलंबून असलेल्या, कळपाने राहणाऱ्या प्राण्याला ते बळ देते, आणि कोरडेपणा हीच ज्याची ढाल होती त्याची ढाल काढून घेते. आपल्याकडे हे चिंकाऱ्याच्या बाबतीत ध्यानात ठेवायला हवे. माणच्या माळावर बारमाही टाकी केली की तिच्यावर आधी येतात ती शेळ्या-मेंढ्या आणि मोकाट कुत्री. चिंकाऱ्याला त्या टाकीची गरज बेताची होती. कुत्र्यांची भीती मात्र नवी.

याचा अर्थ सागरेश्वरच्या टाक्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. क्रूगरमधला प्राणी चालत दुसरीकडे जाऊ शकतो. कुंपणातल्या प्राण्याला ती सोय नाही, आणि त्याला तिथे आणणारेही आपणच आहोत. माझे मत असे की अशा रानात थोड्या पण खात्रीच्या टाक्या ठेवाव्यात. एप्रिलमध्ये भरलेली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर न आल्याने कोरडी पडलेली टाकी सगळ्यात घातक, कारण प्राण्यांनी आपला दिवस तिच्याभोवती बेतलेला असतो.

टाकी कशी असावी याबद्दल अनुभवाने बरेच काही कळलेले आहे. उभ्या भिंतींची खोल टाकी हा सापळा असतो. पाणी तळाला गेले की वाकून पिणारे पाडस आत पडते आणि त्याला वर येता येत नाही. साळिंदर, ससे, सरडे यांचेही तेच. म्हणून बशीसारखा पसरट उतार, निदान एका बाजूने खडबडीत उतरंड, आणि आत दोन-चार मोठे दगड हवेत. पण पसरट टाकीचा तोटाही मोठा. आपल्या कोरड्या भागात मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. ३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद टाकीचे हे रोजचे ७२ ते ९० लिटर होतात. वरच्या हिशेबाने २४ ते ३० चितळांचे दिवसभराचे पिणे नुसते उन्हात उडते. पश्चिमेला दोन झाडांची सावली असली तर ऐन दुपारची वाफ बरीच वाचते. मात्र चारही बाजूंनी झाडी दाटली की काळवीट येत नाही आणि बिबट्याला दबा धरायला जागा होते. एक बाजू सावलीची आणि एक मोकळी, हे जमले तर उत्तम. सांडव्याचे पाणी जिरायला खाली मातीचा खळगा ठेवला की सांबर-डुकरांची लोळण तिथे होते आणि पिण्याचे पाणी स्वच्छ राहते.

स्वच्छतेकडे मात्र फार दुर्लक्ष होते. वाहत्या ओढ्यात घाण पुढे जाते. टाकीत लाळ, लेंड्या, पालापाचोळा सगळे तिथेच साठते, आणि उन्हाने पाणी आटत जाते तसे ते आणखी दाट होते. टाकी भरण्याआधी पूर्ण रिकामी करून घासणे हे भरण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. जिथे गुरे आणि हरणे एकाच पाण्यावर येतात तिथे लाळ्या-खुरकूतसारखा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. गावातल्या जनावरांचे लसीकरण वेळेवर झाले, तर त्याने रानातल्या हरणांचेही रक्षण होते, आणि शेतकऱ्याचे दूधही वाचते.

वेळापत्रक कोण मोडते

पाणवठ्यावरची पाळी सगळ्यात सहज मोडतो तो माणूस. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्रजातींची माहिती एकत्र केली होती. निष्कर्ष स्पष्ट होता: माणसाचा वावर वाढला की प्राणी दिवसाचे व्यवहार रात्रीकडे ढकलतात. तो वावर शिकारीचाच असावा लागतो असे नाही. नुसते फिरायला येणारेही पुरतात. पाणवठ्यावर याचा परिणाम थेट होतो. सकाळी आणि संध्याकाळी टाकीजवळ गाड्या थांबू लागल्या, सेल्फीसाठी माणसे उतरू लागली, की चितळ आपली पाळी सोडून रात्रीत शिरते. रात्रीची पाळी आधीच सांबरांची आणि डुकरांची. जी गर्दी चोवीस तासांत विभागली होती ती सात-आठ तासांत दाटते. लहान आणि भित्रा प्राणी मागे राहतो, अर्धवट पिऊन जातो, किंवा बिबट्याच्या वेळेत पाण्यावर येतो. म्हणून उन्हाळ्यात पर्यटकांना पाणवठ्यापासून लांब ठेवण्याचा नियम जिथे असेल तिथे तो मनापासून पाळला पाहिजे. टाकी भरणाऱ्या टँकरनेही भर दुपारी, मोठे प्राणी सावलीत असताना यावे.

कोयना आणि चांदोलीकडे गेले की चित्र वेगळे दिसते. २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात शिवसागर आणि वसंतसागर असे दोन विशाल जलाशय आहेत, आणि पाऊस धो धो पडतो. तिथे पाण्याचा प्रश्न कसला, असे वाटते. पण प्रश्न अंतराचा आणि उंचीचा आहे. वरचे सडे म्हणजे जांभ्या दगडाची पठारे. पावसाळ्यात दलदल, एप्रिलमध्ये तापलेला दगड. पाणी शेकडो मीटर खाली दरीत. तिथल्या सांबर-भेकरांना उतारावरच्या सावलीतले बारीक पाझर जगवतात, आणि वणवा लागून वरचे गवत-झुडूप जळाले की पाणी मुरणे कमी होऊन हे पाझर लवकर आटतात. अशा रानात टाकी बांधण्याआधी जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून आधीच गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या) वेळेवर काढणे आणि वणवा रोखणे हेच पाण्याचे काम आहे. सागरेश्वरला मात्र दोन्ही लागते: टाकीही आणि वणव्यापासून राखण केलेला हिरवा पालाही. करंज, उंबर, बोर, आपटा अशी झाडे ओढ्यांच्या कडेने वाढवणे, गवताचे काही तुकडे आळीपाळीने चराईपासून बंद ठेवणे आणि उतारावर पाणी मुरवणारे छोटे बांध घालणे, या कामांना वर्षे लागतात. टँकर एका तासात येतो, म्हणून सगळे लक्ष त्याच्याकडेच जाते.

दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात. हौशी निसर्गप्रेमींनाही त्यात भाग घेता येतो. कोणी जाणार असेल तर नुसता आकडा लिहू नये. जात, संख्या, येण्याची वेळ, कोणत्या बाजूने आले, किती मिनिटे थांबले, पिताना किती माना वर होत्या, कोण आल्यावर कोण निघून गेले, माद्यांसोबत पाडसे होती का, एवढे नोंदवले तर त्या पाणवठ्याची पाळी कागदावर उतरते, आणि पुढच्या वर्षी ती बदलली का हे पाहता येते. रात्रीच्या यादीत सांबर आणि डुक्कर भरपूर भरतील. काळवीट जवळजवळ नसेल, आणि त्यावरून ते रानात कमी झाले असे मानता येणार नाही: ते दिवसाउजेडी पिऊन माळावर गेलेले असते. त्याची मोजणी करायची तर मचाणावर सकाळी बसावे लागेल.